काटा की काच?

हेलिकॉप्टरने केदारनाथास जाऊन येणे ही गोष्ट आता आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतही अपूर्वाईची राहिलेली नाही. फाटा किंवा सेरसी येथून निघावे, आठ-दहा मिनिटांत साडेतीन हजार मीटर उंचीवर उतरावे, दर्शन घेऊन दुपारच्या आत परतावे, असा सुटसुटीत बेत मंडळी करतात. त्यामुळे ज्याने उमेदीची वर्षे हेलिकॉप्टरांच्या यंत्रफलकांची दुरुस्ती करण्यात घालविली, अशा आमच्यासारख्या निवृत्त माणसास आप्तेष्टांत अनपेक्षित भाव आला आहे. काचीगुड्यापासून गुलबर्ग्यापर्यंतचे सोयरे आम्हांस दूरध्वनी करतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो. ज्यात दूरदर्शनसारखे पडदे लावलेले असतात ते हेलिकॉप्टर अधिक भरवशाचे, की ज्यात जुन्या घड्याळांसारख्या तबकड्या असतात ते?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. विमानविद्येतील जाणती माणसेही या प्रश्नावर हिरीरीने वाद घालतात. शिवाय आमचा एक भाचा डोंगराळ मुलखात हेलिकॉप्टर चालवितो, तेव्हा आमच्यापुरता हा वाद निव्वळ तात्त्विक उरत नाही. त्याच्या समोर काय मांडलेले असावे, याचा विचार आम्ही पुष्कळ रात्री केलेला आहे.

हलके हेलिकॉप्टर म्हणजे ढोबळमानाने तीन टनांच्या आतबाहेरचे. बहुधा एकच इंजिन, एकच वैमानिक आणि चार-सहा प्रवासी. या यंत्राचे उड्डाण मुख्यत्वे डोळ्यांनी, म्हणजे खिडकीबाहेरच्या जमिनीकडे आणि क्षितिजाकडे पाहून करावयाचे असते. वैमानिकासमोरच्या फलकावर पूर्वी पंधरा-वीस गोल तबकड्या असत. वेगाची एक, उंचीची एक, इंजिनाच्या तापमानाची एक, तेलाच्या दाबाची एक. प्रत्येकीचा कारभार स्वतंत्र. कुणाला नळी, कुणाला तार, कुणाच्या पोटात भिरभिरणारा जायरो. आता या साऱ्यांची कामे संवेदक आणि संगणक करतात आणि त्यांचे निष्कर्ष एक-दोन पडद्यांवर चित्ररूपाने उमटतात. अमेरिकेत १९७५ साली प्रथम उडालेले रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनांचे चिमुकले हेलिकॉप्टर घ्या. त्याचा फलक काट्यांचाच होता. २०१४ साली प्रथम उडालेले बेल ५०५ घ्या. त्यात दोन मोठे पडदे कारखान्यातूनच बसून येतात. चाळीस वर्षांत काट्यांच्या जागी काच आली ती अशी.

प्रथम काट्याची बाजू मांडतो, कारण आमचे मीठ आम्ही त्याच्याच जिवावर खाल्ले आहे. काटा वाचावा लागत नाही, तो नुसता दिसतो. चेतक हेलिकॉप्टरच्या इंजिनाची गती मिनिटास सुमारे ३३,५०० फेऱ्यांवर कायम राखलेली असते. वैमानिक शक्तीचा अंदाज घेतो तो पात्यांच्या कोनाच्या काट्यावरून आणि इंजिनातून निघणाऱ्या झोताच्या तापमानाच्या काट्यावरून. जुन्या वैमानिकास तुम्ही विचारले असते की आता तापमान किती अंश होते, तर त्यास आकडा सांगता आला नसता. काटा नेहमीच्या जागी होता, एवढे मात्र तो शपथेवर सांगू शकला असता. डोळ्याच्या कडेतून मिळणारी ही खबर फार मोलाची असते. आरंभीच्या काही विद्युत् उपकरणांनी काटे काढून नुसते आकडे झळकविण्यास सुरुवात केली, तेव्हा ती आम्हांस मुळीच रुचली नव्हती. आकडा बदलत असताना तो चढतो आहे की उतरतो आहे हे कळण्यास तो दोनदा वाचावा लागतो. सुदैवाने हे शहाणपण पुढे पडदे करणाऱ्यांनाही आले आणि आता बहुतेक पडद्यांवर काट्यांचीच चित्रे काढलेली असतात!

लहान हेलिकॉप्टरमध्ये तर एका गोष्टीपुढे सारे गौण आहे, ती म्हणजे डोक्यावरच्या पंख्याची गती. आर-२२ चा पंखा हलका. इंजिन बंद पडले तर सुमारे सेकंदाभराच्या अवधीत वैमानिकाने डाव्या हातातील कलेक्टिव्ह दांडा खाली केला पाहिजे. नाहीतर पंख्याची गती इतकी घसरते की ती पुन्हा मिळविता येत नाही. तेवढ्या वेळात कुणीही पडदा वाचीत बसत नाही. म्हणून त्या यंत्रात गती ९७ टक्क्यांवर येताच एक भोंगा वाजतो आणि दिवा लागतो. प्राण वाचविण्याचे काम तेथे कान करतो. फलकावर हजार रुपयांची तबकडी आहे की लाखाची काच, याने त्या सेकंदात तिळमात्र फरक पडत नाही.

२१ जून १९७२ रोजी झाँ बूले या फ्रेंच वैमानिकाने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. हेच लामा आपल्याकडे चीता या नावाने बनले आणि सियाचीनच्या हिमनदीवर आपल्या जवानांना रसद पोचविण्यात त्याने हयात घालविली. बूले यांचे इंजिन त्या उंचीवर बंद पडले. तेथून जमिनीपर्यंत ते केवळ वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या आधाराने उतरले. त्यांच्यासमोर तबकड्याच होत्या.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तर वाचकांनी आम्हांस ‘जुने ते सोने’ संप्रदायातले ठरविले असते. परंतु ज्याने तबकड्या उघडून पाहिल्या आहेत त्यास त्यांचे दोषही ठाऊक असतात. हेलिकॉप्टर अष्टौप्रहर थरथरते. त्या थरथरीने जायरोची बेअरिंगे झिजतात, बारीक दाते खिळखिळे होतात, काटा अडखळतो. उंचीमापकाच्या काचेवर बोटाने टिचकी मारून मग आकडा पाहण्याची सवय आमच्या काळी सर्वांनाच होती. टिचकीसरशी काटा जागचा हलला की आम्ही ते उपकरण काढून घेत असू. कृत्रिम क्षितिज दाखविणारा जायरो तर फारच नाजूक. तो एकाएकी बंद पडत नाही. सावकाश, सभ्यपणे कलत जातो आणि खोटे क्षितिज खऱ्याच्या थाटात दाखवितो. आजच्या पडद्यामागे भिरभिरणारे काहीच नसते, आणि हा लाभ आम्ही फार मोठा मानतो.

काट्याचा याहूनही मोठा दोष असा की त्यास स्मरणशक्ती नव्हती. एका डोंगराळ तळावरची गोष्ट सांगतो. तेथील एक यंत्र आमच्याकडे नेहमीच्या तपासणीसाठी आले. नोंदवहीत सर्व आलबेल. इंजिन उघडले तेव्हा टर्बाइनच्या पात्यांची टोके करपलेली निघाली. कधीतरी इंजिन सुरू करताना तापमान मर्यादेपलीकडे गेले होते. काही सेकंदच गेले असेल. ज्याने पाहिले त्याने सांगितले नाही, किंवा कदाचित कुणी पाहिलेच नाही. काटा वर गेला आणि निमूटपणे खाली आला. त्यानंतर किती फेऱ्या झाल्या, त्यांत कोण कोण बसले, याचा हिशेब आम्ही त्या संध्याकाळी करून पाहिला आणि मग जेवण गेले नाही. आजच्या पद्धतीत मर्यादा किती ओलांडली आणि किती सेकंद ओलांडली हे यंत्र स्वतःच लिहून ठेवते. वैमानिकाची प्रतिष्ठा, वरिष्ठांचा धाक, मालकाचा खर्च यांपैकी कशाचीही भीड न बाळगता लिहिते. नव्या फलकाची किंमत वसूल होते की नाही असे कुणी विचारले, तर रंगीत नकाशाच्या आधी आम्ही या लिहून ठेवणाऱ्या कारकुनाकडे बोट दाखवू.

दुसरा लाभ समजावून सांगण्यास थोडा विस्तार हवा. आजच्या बहुतेक टर्बाइन हेलिकॉप्टरांत इंजिनाकडून काम घेताना तीन मर्यादा सांभाळाव्या लागतात. एक टॉर्कची, म्हणजे गिअरपेटीवर पडणाऱ्या पिळाची. दुसरी तापमानाची. तिसरी इंजिनाच्या आतल्या चक्राच्या गतीची. गंमत अशी की यांपैकी आधी कोणती गाठली जाईल हे उंचीवर आणि हवेवर अवलंबून असते. समुद्रसपाटीजवळ, थंड हवेत बहुधा टॉर्कची मर्यादा आधी आडवी येते. केदारनाथसारख्या उंचीवर हवा विरळ. तेथे टॉर्कचा काटा निवांत असतो आणि तापमान किंवा चक्रगती आधी शिगेला पोचते. पूर्वीच्या वैमानिकास उतरण्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात या तिन्ही तबकड्यांवर आळीपाळीने नजर टाकावी लागे, आणि त्याच वेळी बाहेर वारा, खडक, माणसे आणि हेलिपॅडच्या कडेला उभे असलेले दुसरे हेलिकॉप्टर सांभाळावे लागे.

फ्रेंचांनी यावर एक सुरेख तोड काढली. या तिन्ही मर्यादांचा हिशेब संगणकाने करावा आणि जी सर्वांत जवळ आली असेल तिचाच काटा वैमानिकास दाखवावा. तीन काट्यांचे काम एका काट्यात आले. आमचा भाचा जे यंत्र चालवितो त्यात ही सोय आहे. तो एकदा म्हणाला, “मामा, पूर्वी तिघांना विचारावं लागायचं, आता तिघं मिळून एकाला पाठवतात.” १४ मे २००५ रोजी दिदिए देलसाल यांनी ज्या हेलिकॉप्टरने एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकून दाखविले, ते एएस-३५० बी-३ याच घराण्यातले, आणि त्याच्या फलकावर ही सोय होती. पडद्याने एव्हरेस्ट सर केले असे आम्ही म्हणणार नाही. बूले यांची उंची आठवली की तसे म्हणताही येत नाही. पण ज्याला नजर बाहेर ठेवणे प्राणाइतके आवश्यक आहे, त्याची नजर या एका काट्याने किती वेळा वाचविली असेल हे आम्ही समजू शकतो.

येथेच आमची कसोटी आम्हांस सापडली. फलकावर नवे काहीही बसवा. त्यामुळे वैमानिकाचे डोळे खिडकीकडे लवकर परततात की उशिरा, एवढेच आम्ही पाहतो.

या कसोटीवर पडद्यातील पुष्कळ नवलाई उतरत नाही. नकाशा मोहक असतो. डोंगर तांबडे-पिवळे रंगविलेले, नद्या निळ्या, मधोमध आपण. त्यात पानामागून पान उलटता येते, एका सूचीतून दुसरीत जाता येते, आणि थरथरत्या यंत्रात नेमकी कळ दाबण्यासाठी बोट आणि डोळा दोन्ही आत गुंततात. काही काळे चष्मे घालून पाहिले तर पडदा काळा ठिक्कर दिसतो, हे तर नव्या वैमानिकास कुणी सांगितल्याखेरीज ठाऊकही नसते. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा मोकळ्या मुलखात उत्तम. पण अरुंद दरीत ती अखंड ओरडत राहते, म्हणून पुष्कळ जण तिचे तोंड बंद करून ठेवतात, असे भाचा सांगतो. ८ मे २०२५ रोजी गंगोत्रीच्या यात्रेकरूंना घेऊन निघालेले बेल ४०७ हेलिकॉप्टर उत्तरकाशी जिल्ह्यात कोसळले आणि सहा जण मृत्युमुखी पडले. प्राथमिक चौकशीत असे आढळले की रस्त्यावर उतरण्याचा प्रयत्न करीत असताना त्याचा पंखा वरून गेलेल्या एका तारेला लागला. रस्त्याकडेची असली केबल रंगीत नकाशात कोठून येणार?

२ सप्टेंबर २००९ चा दिवस आम्ही हैदराबादकर विसरलेलो नाही. बेगमपेठहून सकाळी चित्तूरकडे निघालेले मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमला जंगलावर नाहीसे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे अवशेष सापडेपर्यंत सारे शहर श्वास रोखून होते. ते बेल ४३० हे यंत्र दोन इंजिनांचे, दोन वैमानिकांचे. आमच्या व्याख्येतील हलक्या वर्गापेक्षा थोडे वरचे. त्याच्या फलकावर एकत्रित पडदे होते. चौकशी अहवालात नमूद झाले की अपघातापूर्वी सहा मिनिटांहून अधिक काळ वैमानिक गिअरपेटीच्या तेलदाबाविषयीच्या एका सूचनेत आणि तिचा उपाय पुस्तिकेत शोधण्यात गुंतले होते. बाहेर पावसाळी ढगांचे थैमान चालू होते. यात पडद्याचा अपराध आम्ही मानीत नाही. तबकडीनेही त्यांस असेच गुंतविले असते. परंतु फलक जितका बोलका, तितका तो अवेळी बोलण्याचा संभवही अधिक, हे ध्यानात घेतलेच पाहिजे.

आकडेवारीची साक्ष काढायची तर अमेरिकेतील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २०१० चा अभ्यास पाहावा. तो हेलिकॉप्टरांचा नव्हे, लहान एकइंजिनी विमानांचा आहे. पण प्रश्न तोच. २००२ ते २००६ या काळात बनलेल्या आठ हजारांहून अधिक विमानांची तुलना त्यांनी केली. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात प्रमाणाने कमी निघाले. मात्र प्राणघातक अपघातांचे प्रमाण जास्त निघाले. कारणे अनेक आहेत. ही विमाने लांबच्या प्रवासास आणि वाईट हवामानात अधिक वापरली जात होती. तरीही मंडळाने निष्कर्ष काढला तो असा की केवळ पडदा बसविल्याने सुरक्षितता वाढल्याचे दिसत नाही आणि प्रत्येक प्रकारच्या पडद्यासाठी वैमानिकास निराळे शिक्षण दिले पाहिजे.

आम्हांस या निष्कर्षात माणसाचा स्वभाव दिसतो. ढगात शिरल्यावर, केवळ शरीराच्या जाणिवेवर विसंबणारा मनुष्य किती काळ सरळ उडू शकतो, याचा प्रयोग इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली झाला होता. वीस वैमानिक, आणि उत्तर सरासरी १७८ सेकंद. तेही विमानात; हेलिकॉप्टर त्याहून चंचल. साध्या तबकड्या असलेला वैमानिक ढग पाहून मागे फिरतो, कारण आपल्याजवळ काही नाही हे त्यास पक्के ठाऊक असते. पडदेवाल्याच्या मनात मात्र ‘आपल्याला डोंगर दिसतो आहे की’ असा विचार डोकावतो. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊ जणांचा बळी घेणारे हेलिकॉप्टर मोठे आणि सुसज्ज होते, स्वयंचलित उड्डाणाची सोयही त्यात होती. वैमानिक ढगात शिरला, दिशाभान हरपला आणि टेकडीवर आदळला. १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ पडले तेव्हाही दरीत दृश्यमानता कमी होती. सात जण गेले. त्यांत एक लहान मूल होते, महाराष्ट्रातले यात्रेकरूही होते. ती बातमी आली तेव्हा आमची बहीण दोन तास दूरध्वनीजवळून हलली नाही. भाच्याचा दूरध्वनी आल्यावर तिने त्यास पहिला प्रश्न विचारला तो, “तू जेवलास का?”

तेव्हा मालक मंडळींनी पैसा कोठे घालावा? लहान शिकवणीच्या हेलिकॉप्टरात, जे दिवसभर मैदानाभोवती स्वच्छ उन्हात फिरते, तेथे काचेचा सोस आम्हांस अनाठायी वाटतो. त्या पैशांत शिकाऊ मुलांस आणखी काही तास इंजिन बंद करून उतरण्याचा सराव मिळेल. डोंगरात माणसे वाहणाऱ्या टर्बाइन यंत्रात मात्र इंजिनाचा तो एकत्रित काटा आणि ती न विसरणारी नोंद हवीच. मग न झिजणारे क्षितिज. नकाशा सर्वांत शेवटी. आणि पडदा जर ढगातून सुटण्यासाठी म्हणून घेतला असेल, तर ढगातून सुटण्याचा सराव दर काही महिन्यांनी सिम्युलेटरवर करविला पाहिजे. हा खर्च पडद्याच्या पावतीत कधीच लिहिलेला नसतो, म्हणून तो बहुधा राहूनच जातो.

आपल्या देशात तरी आता हा वाद काट्याच्या बाजूने सुटणे नाही. चेतक आणि चीता यांची जागा घेण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जे हलके हेलिकॉप्टर बनविले, त्याने ६ सप्टेंबर २०१६ रोजी बंगळूरला पहिले उड्डाण केले, आणि त्याच्या कारखान्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमकूरजवळ झाले. त्यात तबकड्यांची रांग नाही, पडदेच आहेत. टिचकी मारून उंचीमापक तपासणारी आमची पिढी त्यासमोर उभी राहिली तर तिला टिचकी कोठे मारावी हेच कळणार नाही. असो.

भाच्याने सांगितलेली एक हकीकत मात्र लिहावीशी वाटते. गेल्या हंगामात भाड्याच्या एका फेरीसाठी एक बडे गृहस्थ त्याच्या शेजारच्या आसनावर बसले होते. पुढच्या खिंडीत ढग उतरले होते आणि हा निघण्यास तयार नव्हता. गृहस्थांना मुहूर्त गाठावयाचा होता. त्यांनी पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखविले. “यात तर सगळे डोंगर स्पष्ट दिसताहेत, मग अडचण काय आहे?” भाच्याने काही उत्तर दिले नाही. हात पुढे करून त्याने दोन्ही पडदे बंद केले, दार उघडले आणि मैदानावरच्या पोऱ्यास तीन चहा आणावयास सांगितले.